हिरावहिनींचं नाक

हिरावहिनींनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा नमस्कार व्हायच्या आधीच त्यांनी मला हुंगलं. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलेले. फाईल छातीशी धरून दारात उभी होते. बाई खुर्चीतून उठल्या, माझ्याजवळ आल्या, मान जराशी पुढे काढून दोनदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मोगऱ्याचं तेल. आणि येताना वडापाव खाल्लास." दोन्ही खरं होतं. "वडापाव चालंल. तेल उद्यापासून नाय." अशा रीतीने मला नोकरी लागली. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांची ती फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही, आणि मी घरी जाऊन आईला मुलाखत कशी झाली ते सांगताना हा भाग गाळला.

ऑफिस डोंबिवली एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. धंदा गॅसचा. घरी येतो तो लाल सिलिंडर नव्हे, कारखान्यांना लागतो तो. पावडर कोटिंगच्या भट्ट्या, फरसाणाच्या कढया, काच वितळवणारे, औषधवाल्यांचे बॉयलर, या सगळ्यांच्या पोटाखाली जळायला जो गॅस लागतो तो तेल कंपनीकडून घ्यायचा आणि मोठमोठ्या सिलिंडरांतून ज्याच्या त्याच्या दारात पोचवायचा. गोडाऊन मात्र मोहन्याच्या पुढे, टिटवाळ्याकडे जाताना, वहिनींच्या सासरच्या भाताच्या शेतात होतं. गॅसचं गोडाऊन वस्तीपासून लांब लागतं, भोवती मोकळी जागा लागते, आणि वहिनींच्या सासरी दुसरं काही असो नसो, जागा होती. परवाना त्यांच्या नवऱ्याच्या, दत्ताभाऊंच्या नावावर होता. दत्ताभाऊंना धंद्यापेक्षा गावच्या क्रिकेट सामन्यांत जास्त रस. ऑफिसच्या कपाटावर चषकांची रांग होती आणि एकेक चषक असा की खाली उतरवायला दोन माणसं लागावीत. "परवाना माझा, डोकं तिचं," असं ते स्वतःच सगळ्यांना हसत सांगत. त्यामुळे त्यात चेष्टा करण्यासारखं काही उरत नसे.

वहिनी तेव्हा पन्नाशीच्या. बुटक्या, अंगाने रुंद, चालताना दोन्ही हात जरा बाहेर काढून चालायच्या. अंगावर सुती साडी, पायात सेफ्टी शूज आणि गळ्यात घसघशीत सोनं. गोडाऊनच्या फाटकाशी सगळ्यांचे मोबाईल, काडेपेट्या, लायटर आणि किल्ल्यांचे जुडगे एका भाकऱ्यांच्या टोपलीत जमा व्हायचे. वहिनींचं सोनं मात्र आत जायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे?"

"सोन्याला ठिणगी नाय पडत, साहेब. मी सोनाराला विचारलंय, तेल कंपनीला पण विचारलंय. दोघं एकच बोलले."

साहेबांनी मान हलवली आणि स्वतःचं लोखंडी कडं काढून टोपलीत ठेवलं.

ग्राहक सगळे त्यांना वहिनीच म्हणत. गुजराती शेठ, केरळी मॅनेजर, वयाने त्यांच्याहून मोठे असलेले सरदारजी, सगळे वहिनी. एखाद्याने मॅडम म्हटलं की समजायचं, हा नवीन आहे आणि याच्याकडे वहिनी अजून गेलेल्या नाहीत.

कारण त्या जायच्या. नवीन ग्राहकाला पहिला सिलिंडर द्यायच्या आधी त्या स्वतः त्याच्या कारखान्यात जात आणि वास घेत. कागद बघायला मी, जोड बघायला आमचा फिटर सलीम, आणि वहिनी वासाला. साडीचा पदर कमरेला खोचायचा, कंबरेत वाकायचं आणि भिंतीच्या कडेकडेने नाक जमिनीजवळ नेत अख्खा शेड फिरायचा. गटाराची जाळी आली की तिथे जरा जास्त वेळ थांबायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, बाईंचं कानातलं पडलंय. एका शेठने तर दोन कामगारांना शोधायला पण लावलं होतं.

"गॅस वर जात नाय गो, तो लोळतो," त्या मला सांगत. "माणसं छताकडं बघत बसतात आणि तो पायाशी असतो."

गॅसला स्वतःचा वास नसतो हे मला या नोकरीत आल्यावर कळलं. गळती समजावी म्हणून त्यात मुद्दाम कुजक्या कोबीसारखा वास मिसळतात. वहिनींचं त्यावर एक तत्त्वज्ञान होतं. देवाने गॅस मुका केला, माणसाने त्याला वाचा दिली, तेव्हा तो बोलायला लागला की आपण ऐकायचं. गळती पकडणारं हातात धरायचं यंत्र आमच्याकडे होतं, नाही असं नाही. ते चषकांच्या खालच्या कप्प्यात पडलेलं असे. मी आठवण केली की वहिनी म्हणत, "त्याला सेल लागतात. माझ्या नाकाला बोंबील लागतात, ते घरात हायेत."

आणि खरंच, नाक होतंच तसं. सुरेशभाई म्हणून खारी-बिस्किटं करणारे एक ग्राहक होते. आम्ही एकदा सहज त्यांच्या दारावरून जात होतो तर वहिनींनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या त्या सरळ आत. भट्टीच्या खोलीत उदबत्त्यांचा जुडगा पेटवून ठेवलेला, दोन कामगार पोत्यांच्या मागे बॅटरी मारत होते, आणि सुरेशभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वहिनी, बरं झालं आलात. कुठेतरी उंदीर मेलाय. आठवडा झाला शोधतोय. वास जात नाही म्हणून ही उदबत्ती."

वहिनींनी एक शब्द बोलायच्या आधी तो जुडगा पाण्याच्या बादलीत बुडवला. मग शांतपणे म्हणाल्या, "कोणी बटणाला हात लावू नका. बॅटरी तशीच धरून बाहेर चला. सलीम, मागचा कॉक बंद कर." सगळे बाहेर आल्यावर त्यांनी सुरेशभाईंना सांगितलं की मेलेला उंदीर म्हणजे भट्टीकडे जाणाऱ्या पाइपमधला झिजलेला वॉशर आहे, आणि आठवडाभर ते गॅसला उदबत्ती ओवाळत आहेत. सुरेशभाई रस्त्याकडेच्या पायरीवर बसले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि खोली मोकळी होईपर्यंत त्याच पायरीवर बसून एक अख्खी पुडी खारी खाल्ली. गाडीत बसल्यावर मात्र "चौदा माणसं होती गो आत," एवढंच म्हणाल्या.

या नाकाचा अभिमान होता त्यांना, आणि अभिमानाबरोबर थोडा आडमुठेपणाही येतोच. ठाण्याला वागळे इस्टेटमधले एक डिओ बनवणारे मालक आमच्याकडे आले. डिओच्या डब्यात फवारा मारायला हाच गॅस लागतो, फक्त त्यातला वास काढून टाकलेला हवा, कारण कुजक्या कोबीचा वास काखेत मारायला कोण पैसे देईल. काम मोठं होतं, कायमचं होतं. दत्ताभाऊ मनातल्या मनात पुढच्या सामन्यांच्या चषकांची मापं ठरवायला लागले होते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मालकांनी भेट आणलेली डिओची पेटी उघडून पाहिली, पुन्हा बंद केली आणि नाही म्हणाल्या.

"ज्या गॅसला बोलता येत नाय, तो मी नाय विकणार."

मालकांनी समजावलं की त्यांच्याकडे भिंतीभिंतीवर यंत्रं आहेत, हे जगभर चालतं, नियमाने चालतं. सगळं खरं होतं. मीही नंतर हेच सांगून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "चालत असंल. माझ्या गोडाऊनमधून नाय जाणार." ते काम दुसऱ्या कोणाला गेलं आणि दत्ताभाऊ आठवडाभर बायकोशी फक्त कामापुरतं बोलत होते.

दसऱ्याला त्यांचा हा स्वभाव सगळ्यांत गोड दिसायचा. खंडेनवमीपासून एमआयडीसीत कारखान्याकारखान्यात यंत्रांची पूजा असते, तशी आमच्या गोडाऊनमध्ये सिलिंडरांची. पण तिथे निरांजन लावायचं नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. पहिल्या वर्षी भटजी फाटकातच अडून बसले म्हणे. ज्योतीशिवाय आरती कशी? वहिनींनी ताम्हनात हळदकुंकू, अक्षता आणि निरांजनाच्या जागी पाकळ्या फुललेलं एक केशरी झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "देवाला दिसतंय कुठं काय ठेवलंय ते. तुम्ही म्हणा." तेव्हापासून तीच रीत पडली. सिलिंडरांना झेंडूच्या माळा, ड्रायव्हर, हमाल, दत्ताभाऊ सगळे अनवाणी रांगेत उभे, टाळ्यांवर आरती चाललेली, आणि वहिनी ते फुलाचं ताम्हन ओवाळतायत. आरती संपली की सगळे त्या फुलावर हात धरून डोळ्यांना लावत. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी हसू दाबलं होतं. दुसऱ्या वर्षी न सांगता हात पुढे झाला.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. ते घर सगळं आजारी पडलं. दत्ताभाऊंना लवकर बरं वाटलं, वहिनी जास्त दिवस झोपून होत्या. परत आल्या तेव्हा वाळल्या होत्या, पण आवाज तोच, हात बाहेर काढून चालणं तेच. आम्हाला इतकं हायसं वाटलं की बाकी काही बघायचं सुचलंच नाही.

मी पहिल्यांदा कोड्यात पडले ते चहाच्या वेळी. ऑफिसातला चहा नासक्या दुधाचा झाला होता. सलीमने एक घोट घेऊन कप खाली ठेवला, मी नाकाशी नेऊनच ठेवला. वहिनींनी बोलता बोलता अख्खा कप संपवला आणि म्हणाल्या, "आज आलं बरं घातलंय." मला वाटलं चेष्टा करतायत. मग एकदा मी लग्नाला जायचं म्हणून केसांना भरपूर तेल लावून, वर अत्तर मारून थेट ऑफिसात आले. वहिनी माझ्या शेजारी बसून तासभर बिलं बघत होत्या. ओरडल्या नाहीत. त्या दिवशी मला लग्नात जेवण गेलं नाही.

मी दत्ताभाऊंना जिन्यात गाठून विचारलं. ते आधी चषकांबद्दल काहीतरी बोलले. मग म्हणाले, "सुकट करपवते. भात लागतो खाली. मी खातो."

"सांगितलं नाही तुम्ही?"

"तिला माहीत हाय गो. तिला माहीत हाय आणि मना माहीत हाय हे पण तिला माहीत हाय. पण ती बोलत नाय ना. ती बोलल्याशिवाय मी कसा बोलणार?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ते नाक म्हणजे ती हाय. ते गेलं हे लोकांना कळलं तर तिला कोण विचारणार?"

आणि हे त्यांचं भय काही खोटं नव्हतं. डोंबिवलीत आमच्यापेक्षा मोठे, स्वस्त देणारे, चकचकीत ऑफिसवाले गॅसवाले होते. लोक आमच्याकडे राहिले ते वहिनी येऊन वास घेऊन जातात म्हणून. ते नाक बंद झालं म्हणजे वहिनी नुसत्या दत्ताभाऊंची बायको उरणार, असं त्या दोघांनाही वाटत असणार. वहिनी नवीन कारखान्यांत जातच राहिल्या. पदर खोचायच्या, वाकायच्या, जाळीपाशी थांबायच्या. फक्त आता त्या सलीमला साबणाचं पाणी दोनदोनदा लावायला सांगत, आणि वास घेताना डोळे मिटत नसत. पूर्वी मिटत असत.

जयेशभाईंच्या कारखान्यात हे सगळं बाहेर आलं. त्यांचा पावडर कोटिंगचा नवीन शेड होता. लोखंडी कपाटांना रंगाची पावडर मारून मोठ्या ओव्हनमध्ये भाजायचं काम. सिलिंडर बाहेर ओळीने जोडलेले, तिथून पाइप आत. सलीमने सकाळी सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले होते. ओव्हनच्या खालचा एक जोड तेवढा पत्र्याच्या आड होता, तिथे हात पोचला नव्हता. यंत्र नेहमीप्रमाणे कपाटात. जयेशभाईंना घाई होती. "वहिनी, आज चालू करून द्या ना. माल उद्या जायचाय."

गॅस आत सोडला. वहिनी वाकल्या आणि शेडभर फिरल्या. ओव्हनपाशी आल्या, तिथेही वाकल्या. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होते. मला वास आला. कुजक्या कोबीचा, स्वच्छ, शंकेला जागाच नाही असा. मी सलीमकडे पाहिलं, त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. जयेशभाईंचा ऑपरेटर गळ्यातला रुमाल नाकाकडे नेत होता.

वहिनी सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय. चालू करा."

आणि आम्ही सगळे गप्प राहिलो. नंतर मी यावर खूप विचार केलाय. घाबरलो होतो असं नाही. आम्हाला मनापासून वाटलं की वहिनी नाही म्हणतायत म्हणजे नसेल, आपल्यालाच भास होतोय. मला तर जिन्यातलं ते बोलणं माहीत होतं, तरीसुद्धा त्या क्षणी मी माझ्या नाकापेक्षा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. ऑपरेटरने रुमाल खाली घेतला. "वहिनी बोलल्या ना, मग झालं," असं म्हणत जयेशभाई बटणाकडे वळले.

वहिनी आमच्या तोंडांकडे बघत होत्या. एकेकाच्या. रुमाल खाली जाताना त्यांनी पाहिला.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "जयेशभाई, हात मागं घ्या. कशाला शिवू नका. सगळे बाहेर. सलीम, कॉक."

बाहेर उन्हात आल्यावर, कॉक बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "मेघना, वास येतोय?"

"हो."

"सलीम?"

"हां वहिनी."

"मग बोलला का नाय?"

सलीमने मान खाली घातली. "आपने बोला ठीक है, तो हमको लगा अपनी नाक खराब है."

वहिनी एका उलट्या पिंपावर बसल्या. मला वाटलं आता त्या सलीमला झापतील, पत्र्याआडच्या जोडाबद्दल विचारतील. त्यांनी पदर सोडला, तोंड पुसलं आणि जयेशभाई, त्यांचे कामगार, शेजारच्या गाळ्यातून बघायला आलेले लोक, सगळ्यांच्या समोर म्हणाल्या, "मना वास येत नाय. तापापासून नाय येत. मी लपवलं."

जयेशभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. वहिनींनी ती आधी त्यांनाच प्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ म्हणाले, "झालं ते झालं, आता सगळ्यांना सांगायची काय गरज?" वहिनी म्हणाल्या, "गरज हाय. माझं नाक हाय या भरवशावर निम्मे लोक यंत्र लावत नायत." आणि त्या टेबलाशी बसून एकेका ग्राहकाला फोन करू लागल्या. मी शेजारी बसून नंबर लावून देत होते. प्रत्येकाला तेच वाक्य. "वहिनी बोलतंय. माझं नाक गेलं. यंत्र बसवा, नाय बसवलं तर गॅस नाय देणार." कोणी हसले, कोणी हळहळले, कोणी आयुर्वेदिक औषधं सांगितली. दोघा-तिघांनी पुढच्या महिन्यात दुसरा गॅसवाला धरला. एकाने तर फोनवरच विचारलं की मग आता तुमच्याकडे राहून फायदा काय. वहिनी म्हणाल्या, "विचार करून सांगतंय," आणि त्यांनी फोन ठेवून मला पुढचा नंबर लावायला सांगितला. सुरेशभाई मात्र दुसऱ्या दिवशी खारीचं पोतं घेऊन स्वतः आले आणि थोडा वेळ बसून गेले.

उत्तर त्यांनी शोधलं. नवीन कारखान्यात जाणं त्यांनी थांबवलं नाही. यंत्र आता सलीमच्या गळ्यात असे. पण गॅस आत सोडला की वहिनी सगळ्यांना शेडमध्ये ओळीने उभं करत, मालकापासून झाडूवालीपर्यंत, आणि एकेकाला विचारत, "तुझं नाक काय बोलतं?" प्रत्येकाने मोठ्याने उत्तर द्यायचं. आधी झाडूवाली, मग हमाल, ऑपरेटर, फिटर, सगळ्यांत शेवटी मालक. "मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांची नाकं बंद पडतात," हे त्यांनी एका लठ्ठ शेठला तोंडावर सांगितलं. "मी स्वतः बंद पाडलेली हायेत." एकदा एका झाडूवालीने लाजत लाजत हो म्हटलं, बाकी सगळ्यांनी नाही. यंत्र पण गप्प होतं. वहिनींनी अख्खा शेड पुन्हा तपासायला लावला आणि शेवटी दोन गाळ्यांपलीकडच्या गटारात खरंच मेलेला उंदीर सापडला. शेठ वैतागला. वहिनींनी त्या बाईच्या हातात हात दिला आणि म्हणाल्या, "असंच बोलायचं."

ग्राहक टिकले, हळूहळू नवे आले. पण नाक आलं नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ वेगवेगळे वास घ्यायचा अभ्यास दिला होता. मी एकदा काही कागद घेऊन गावच्या घरी गेले तर त्या ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल. एकेक डबी नाकाशी धरून डोळे मिटून बसायच्या.

"काय येतंय का?"

"लवंगेशी बोलतंय. ती उत्तर देत नाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग डबीचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गॅसचं काय नाय गो. त्याला यंत्र हाय. शेतात पहिली लावणी झाली, मी बांधावर उभी राहिले, तर चिखल नुसता चिखल. ह्यांचा शर्ट धुवायला घेते तर कपडा नुसता. मना वाटतं मी कोणाच्या दुसऱ्याच्या घरात राहतंय." मी निलगिरीची डबी उगाच उघडून पुन्हा बंद केली.

पुढे मला ठाण्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. जाताना वहिनींनी ओटी भरली आणि बजावलं, वास आला की तिथल्या साहेबांना सांगायचं, साहेब काहीही बोलू दे. मी तिथे सांगते. मला तिथे जरा आगाऊ समजतात.

वहिनींना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नातीच्या बारशाला, घोडबंदर रोडला, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये. घर माणसांनी भरलेलं, दत्ताभाऊ पाहुण्यांना सरबत वाटताना नातीच्या हातात बॅट कधी देता येईल याचा हिशेब मांडत होते. वहिनी आतल्या खोलीत पलंगावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बायका येत होत्या, वाकत होत्या, बाळाच्या टाळूचा वास घेऊन "अगं बाई" करत होत्या. बाळाच्या टाळूला वास येतोच, तो घेतल्याशिवाय कोणी हलत नाही. वहिनी सगळ्यांकडे हसून बघत होत्या.

खोली जरा रिकामी झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "ये गो. तू घे वास."

मी वाकले, घेतला.

"सांग मना."

"दुधाचा," मी म्हटलं. "आंबूस नाही, गोड. आणि वेखंडाचा."

"आणिक?"

मी पुन्हा वाकले. "धुरीचा. ओवा जाळलाय ना, त्याचा. आणि तेलाचा, खोबरेल."

"आणिक?"

मी पुन्हा नाक टेकवलं. आता त्यात असं काही होतं ज्याला मला शब्दच नव्हता. कोमट, ओलसर, बाकी कशाचाच नसतो तसा. मी तसंच सांगितलं, शब्द नाही म्हणून. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या, फोनवर पत्ता लिहून घेताना ऐकायच्या तशा. "हं," त्या म्हणाल्या. "प्रशांतला पण तसाच होता." प्रशांत म्हणजे त्यांचा मुलगा, बाळाचा बाप.

बाहेर पानं वाढली होती, सगळ्यांना हाका चालू होत्या. मी त्यांना चला म्हटलं. त्या म्हणाल्या, तू हो पुढं. दारातून मी मागे वळून पाहिलं. त्यांनी नाक बाळाच्या टाळूवर टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते, आणि मी सांगितलेलं एकेक त्या सावकाश शोधत होत्या.